पैलवान सोडा, कोपऱ्यातला माणूस बघा: बॉबी हीनन बघण्याची रीत

रेसलिंग नव्याने बघायला लागलेली मंडळी हल्ली बहुतेक पॉल हेमनच्या वाटेने मॅनेजरांकडे वळतात. ब्रॉक लेस्नर आणि रोमन रेन्सच्या शेजारी उभा राहून बोलणारा तो टकला गृहस्थ त्यांना आवडतो. मग कुणीतरी जुना शौकीन म्हणतो, "हेमन आवडतो ना, मग बॉबी हीनन बघ." हीनन म्हणजे जुन्या जमान्यातला मॅनेजर आणि समालोचक. यूट्यूब उघडतं आणि समोर एक धुरकट क्लिप येते. पिवळ्याधमक केसांचा, किंचित पोट सुटलेला, चकचकीत जॅकेट घातलेला माणूस हातवारे करतोय, पब्लिक बोंब मारतंय आणि शेवटी हा मार खातोय. "यात एवढं काय?" असं म्हणून क्लिप बंद होते.

दोष क्रमाचा असतो. हीनन कुठूनही सुरू केला तर हाती लागत नाही. आमच्या पिढीचंही फार वेगळं नव्हतं म्हणा. नव्वदीत केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजचं डब्ल्यूडब्ल्यूई) लागायचं आणि दुपारच्या सुट्टीत ट्रम्प कार्डं निघायची. त्यावर उंची, वजन, छाती, बायसेप्स असे रकाने असत. बोलण्याचा रकाना नव्हता. त्यामुळे ज्याचा आवाज आम्ही तासन्‌तास ऐकत होतो, त्याची किंमत कळायला बरीच वर्षं गेली. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये.

खूणगाठ एकच बांधा: हीनन स्वतः उठून दिसण्यासाठी काहीच करत नाही. तो स्वतःची अब्रू घालवतो आणि त्या भांडवलावर दुसऱ्याला मोठं करतो. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पायरी 1: मॅनेजर कशाला असतो ते आधी समजून घ्या

प्रोफेशनल रेसलिंगमध्ये निकाल ठरलेला असतो, हे धरूनच चाला. त्यामुळे मॅनेजर हा काही बॉक्सिंगसारखा कोच नव्हे. त्याची कामं ढोबळमानाने तीन. ज्या पैलवानाला माइकवर बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणं, लढतीत लबाडी करून आपल्या माणसाला जिंकवणं, आणि शेवटी एकदा लोकांच्या लाडक्या पैलवानाच्या हाती सापडून मार खाणं. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिकीट त्याच्यासाठी विकलं जातं. खलपात्राला तिथे हील म्हणतात आणि नायकाला बेबीफेस. हे दोन शब्द पुढे सतत कानावर पडतील.

हीनन जन्मभर हील होता. रेमंड लुई हीनन, जन्म शिकागोचा, 1944. आई आणि आजीचं घर चालवायला आठवीतच शाळा सोडली आणि रेसलिंगच्या कार्यक्रमांत पैलवानांच्या बॅगा, जॅकेटं उचलायला लागला. 1965 च्या सुमारास इंडियानापोलिसच्या डब्ल्यूडब्ल्यूए कंपनीत मॅनेजर आणि पैलवान म्हणून रिंगमध्ये आला. म्हणजे हा धंदा त्याने दारातून आत येताना पाहिलेला नाही, खालून वर बघितलेला आहे. ते त्याच्या प्रत्येक हालचालीत दिसतं.

पायरी 2: दोन मिनिटांची एक क्लिप

तासाभराच्या लढतीला लगेच हात घालू नका. जानेवारी 1992 मधला 'बार्बर शॉप' या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मुलाखतींच्या सदरातला प्रसंग शोधा. शॉन मायकल्स आणि मार्टी जनेटी ही रॉकर्स नावाची जोडी. दोघांत बिनसलंय, मग समेट होतो, मिठी मारतात. आणि मायकल्स लाथ घालून जनेटीला पाडतो, उचलतो आणि सेटवरच्या खिडकीच्या काचेतून डोक्याने बाहेर भिरकावतो. काच फुटते, रक्त येतं, लोक सुन्न.

त्याच क्षणी समालोचनावर असलेला हीनन काय म्हणतो? की जनेटी भित्रा आहे, पळून जायला त्याने स्वतःच खिडकीतून उडी मारली!

पहिल्यांदा हसू येतं. दुसऱ्यांदा ऐका. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तो ठार नाकारतोय आणि त्याच्या आवाजात शंकेचा लवलेश नाही. तो विनोद करतोय असं तो कधीच दाखवत नाही. खोटं बोलणारा माणूस स्वतःला खरा समजतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि त्या एका वाक्याने मायकल्सचं हील होणं अधिक चीड आणणारं झालं. नायकावर अन्याय झाला, वर त्याची टिंगलही झाली. मायकल्स पुढे केवढा मोठा झाला ते सांगायला नको.

पायरी 3: रॉयल रंबल 1992, आणि डोळ्यांपेक्षा कानांनी

आता तासभर काढा. 19 जानेवारी 1992, अल्बनी, न्यूयॉर्क. तीस जण ठरावीक अंतराने एकेक करून रिंगमध्ये येतात, वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेलेला बाद. त्या वर्षी मुख्य पट्टा, म्हणजे अजिंक्यपद, रिकामं होतं आणि शेवटी उरेल तो विजेता होणार होता. समालोचनाला गोरिला मॉन्सून आणि हीनन.

पार्श्वभूमी एवढी हवी: आदल्या वर्षी हीननने दुसऱ्या कंपनीचा भलामोठा सोनेरी पट्टा डब्ल्यूडब्ल्यूएफच्या टीव्हीवर आणून दाखवला होता आणि खरा जगज्जेता येतोय म्हणून डांगोरा पिटला होता. तो जगज्जेता म्हणजे रिक फ्लेअर. तेव्हा हीननची इभ्रत फ्लेअरवर लागलेली आहे.

फ्लेअर किती नंबरला येतो? तिसऱ्या. इथे पहिल्यांदा हीननचा आवाज ऐका. गळ्यातून एक किंकाळी निघते आणि मग तो रडकुंडीला येतो. मॉन्सून शांतपणे मीठ चोळतो, की पहिल्या पाचात आलेला कुणी आजवर शेवटपर्यंत टिकलेला नाही. पुढचा तासभर हीनन एका माणसाचं नशीब अंगावर घेऊन जगतो. फ्लेअर दोराला लोंबकळला की याचा श्वास अडकतो. फ्लेअरला कुणी मारलं की "हा अन्याय आहे" हे पालुपद सुरू, इंग्रजीत 'फेअर' आणि 'फ्लेअर' जुळत असल्याने ते आणखी ठसतं.

मधला रॉडी पायपरचा भाग विसरू नका. पायपर स्कॉटिश झगा घालायचा. तो फ्लेअरला बडवतो तेव्हा हीनन त्याला स्कर्ट घालणारा म्हणून हिणवतो. थोड्या वेळाने पायपरच्या हातून फ्लेअर वाचतो, तर लगेच हीनन त्याचे आभार मानतो आणि तो स्कर्ट नसून किल्ट आहे असं ठासून सांगतो. पुढच्याच क्षणी पायपर फ्लेअरवर उलटतो आणि किल्टचा पुन्हा स्कर्ट होतो. छोटासाच मामला आहे, पण माणसाचा मतलबीपणा एवढ्या कमी शब्दांत क्वचित ऐकायला मिळतो.

फ्लेअर जवळपास एक तास टिकून जिंकतो. लढत चांगलीच आहे. पण रिंगमध्ये बराच वेळ गर्दी आणि ढकलाढकलीच चालते, आणि कुणाकडे बघायचं ते कळत नाही. या तासाला सुरुवात, मध्य आणि शेवट मिळतो तो हीननमुळे. आवाज बंद करून दहा मिनिटं बघा, पटेल. (जिंकल्यानंतरची फ्लेअरची डबडबल्या डोळ्यांची मुलाखतही बघा. शेजारी हीनन आणि मिस्टर परफेक्ट उभे आहेत, आणि मुलाखत घेणारा जीन ओकरलंड मध्येच कॅमेऱ्याबाहेरच्या कुणालातरी सिगारेट विझवायला सांगतो. एवढ्या गंभीर प्रसंगात! मला ते फार आवडतं.)

पायरी 4: आंद्रेची गोष्ट, क्रमाने

इथे घाई करायची नाही. हीननचं मॅनेजर म्हणून सगळ्यात मोठं काम आंद्रे द जायंटच्या कथेत आहे आणि ती तुकड्यातुकड्यांत पाच वर्षं पसरलेली आहे.

पहिला तुकडा, 1984 चा शेवट. तेव्हा हीननचा माणूस बिग जॉन स्टड. आंद्रे लोकांचा लाडका. स्टड आणि केन पटेरा मिळून आंद्रेला पाडतात आणि त्याचे केस कापतात. त्या काळात याहून मोठा अपमान नव्हता.

दुसरा तुकडा, 31 मार्च 1985, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाची, म्हणजे रेसलमेनियाची, पहिली खेप, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पैज 15,000 डॉलरची: आंद्रेने स्टडला उचलून आपटलं तर पैसे त्याचे. आंद्रे आपटतो, पैशांची थैली घेतो आणि नोटा लोकांत उधळायला लागतो. एवढ्यात हीनन झडप घालून थैली हिसकावतो आणि पळत सुटतो. लढत संपली, पैज हरली, तरी याची कवडीचुंबक वृत्ती सुटत नाही. त्या पळण्याकडे बघा.

तिसरा तुकडा 1987 च्या सुरुवातीचा, 'पायपर्स पिट' या रॉडी पायपरच्या मुलाखतींच्या सदरातला. हल्क होगन तीन वर्षं विजेता आहे, आंद्रेचा जिवलग मित्र. आणि आंद्रे स्टेजवर येतो तो हीननबरोबर. याच माणसाच्या टोळीने केस कापले होते हे प्रेक्षकांना आठवतं, म्हणून धक्का बसतो. होगन गयावया करतो, आंद्रे त्याचा शर्ट फाडतो, गळ्यातला क्रॉस तुटतो. आता हीननकडे लक्ष द्या. आंद्रेचा आवाज खोल, उच्चार फ्रेंच वळणाचे, लोकांना नीट कळत नसत. म्हणून आव्हान, हेटाळणी, मागणी हे सगळं हीननच्या तोंडून येतं, आणि आंद्रेने फक्त उभं राहायचं. तो उभा राहिला की पुरे होतं. जिथे थांबायला हवं तिथे हीनन थांबतो. हेमनच्या चाहत्यांनी हे खास बघावं.

चौथा तुकडा, 29 मार्च 1987, रेसलमेनिया 3, पॉन्टिअक सिल्व्हरडोम. जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा 93,173. त्यावर शौकीन आजही भांडतात, पण स्टेडियम तुडुंब होतं यावर कुणाचं दुमत नाही. रिंग लांब असल्याने पैलवानांना छोट्या मोटारगाड्यांवरून आणलं. आंद्रे आणि हीनन एकाच गाडीवर. दोन्ही बाजूंनी कचरा फेकला जातोय. आंद्रे दगडासारखा उभा, आणि हीनन असा खुशीत, जणू वरात निघालीय. आंद्रेची तब्येत तेव्हा फार खराब होती, पाठीचं ऑपरेशन झालेलं, हालचाल जवळजवळ संपलेली. लढत म्हणून बघाल तर संथ आहे. पण होगनने त्याला उचललं तेव्हा जग हललं, कारण आधीचे तीन महिने हीननने लोकांना पटवून दिलं होतं की हे होणं शक्यच नाही.

पाचवा तुकडा बरेच जण गाळतात, आणि तिथेच गोष्ट पुरी होते. 1 एप्रिल 1990, टोरोंटो, रेसलमेनिया 6. आंद्रे आणि हाकू जोडीचे पट्टे हरतात. हीनन रिंगमध्ये येऊन आंद्रेवर ओरडतो, बोटं नाचवतो आणि त्याच्या थोबाडीत मारतो. आंद्रे त्याचा हात धरतो. हीननचा चेहरा क्षणात पडतो, तोंड उघडं राहतं आणि तोवर सगळ्या स्टेडियमला कळलेलं असतं की आता काय होणार. आंद्रे त्याला चोपतो आणि गाडीत एकटा बसून निघून जातो. तीन वर्षं ज्या माणसाला लोकांनी शिव्या घातल्या, तो दोन मिनिटांत पुन्हा त्यांचा झाला. किंमत हीननच्या गालाने चुकवली.

पायरी 5: हात, पाय आणि बंप

त्या काळातल्या मॅनेजरांच्या हातात काहीतरी असायचंच. जिमी हार्टचा कर्णा, जिम कॉर्नेटची टेनिस रॅकेट, मिस्टर फुजीची काठी, पुढे पॉल बेअररचा अस्थिकलश. हीनन मोकळ्या हाताने यायचा. जे करायचं ते अंगाने.

नमुना म्हणून 2 एप्रिल 1989 ची रेसलमेनिया 5, रिक रूड विरुद्ध अल्टिमेट वॉरियर. शेवटी वॉरियर रूडला रिंगच्या बाहेरच्या कडेवरून उचलून आत आपटायला जातो. हीनन खालून त्याचा पाय ओढतो. रूड वर पडतो. पंच मोजायला लागतो, आणि हीनन रिंगच्या कडेला चिकटून तो पाय दोन्ही हातांनी दाबून धरतो. एक, दोन, तीन. ही फ्रेम थांबवून बघा. तो पूर्ण ताकद लावतोय, पण पंचाच्या नजरेच्या रेषेत येत नाही आणि कॅमेऱ्याच्या आडही येत नाही. 1984 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आल्यापासून त्याच्या पैलवानांच्या टोळीला, 'हीनन फॅमिली'ला, मिळालेला हा पहिला पट्टा. साडेचार वर्षं हा माणूस सगळ्यांच्या तोंडावर बढाया मारत होता आणि पदरात काहीच नव्हतं!

मार खाण्याला तिकडच्या भाषेत बंप घेणं म्हणतात. हीननचे बंप बहुतेक पैलवानांपेक्षा सरस. मॅनेजरच्या कामात तो पैलवानासारखा वागायचा आणि स्वतः लढायला उतरला की मॅनेजरसारखा, म्हणजे घाबरट, अडखळणारा, दोन फटक्यांत गारद. त्याची स्वतःची लढत बघताना "याला काहीच येत नाही" असं वाटलं तर समजा काम झालं. रेसलमेनिया 5 मध्येच तो रेड रूस्टरकडून अर्ध्या मिनिटात हरतो.

पायरी 6: मॉन्सूनशिवाय हीनन अर्धा

यूएसए नेटवर्कवरचा 'प्राइम टाइम रेसलिंग' हा कार्यक्रम. स्टुडिओत दोघे बसलेत, मधूनमधून लढती दाखवतात आणि बाकी वेळ नुसती जुगलबंदी. आपल्या तमाशातली बतावणी ज्याने पाहिलीय त्याला हे लगेच कळेल: एक जण सरळ बोलतो, दुसरा प्रत्येक शब्द वाकडा करतो, आणि सरळ बोलणारा जितका गंभीर तितका वाकड्याचा रंग चढतो. मॉन्सून स्वतः दांडगा माजी पैलवान, खरं नाव रॉबर्ट मरेला. त्याचं "बास कर आता!" हे वैतागलेलं वाक्य कार्यक्रमभर येत राहतं. हीनन प्रेक्षकांना 'ह्युमनॉइड' म्हणतो आणि हरायलाच येणाऱ्या किरकोळ पैलवानांना 'हॅम-अँड-एगर'. हे शब्द माहीत असले म्हणजे गाडी अडत नाही.

इथे कोणताही भाग घ्या. सलग बघायची गरज नाही, जेवताना वीस मिनिटं लावा. लढती पुढे ढकलल्या तरी चालेल.

एक इशारा मात्र देतो. विनोद जुने आहेत. टिटो सँटानाच्या मेक्सिकन असण्यावरून, कुणाच्या रंगावरून, बायकांवरून केलेले शेरे आज कानाला खुपतात आणि खुपायलाच हवेत. पात्र हील आहे म्हणून ते सगळं माफ होतं असं मला वाटत नाही. त्याचे उत्तम विनोद तसेही वेगळ्याच प्रकारचे आहेत: स्वतःच्या खोटेपणावर उभे असलेले.

पायरी 7: मागे जा, एडब्ल्यूएमध्ये

इथपर्यंत आलात तर आता सत्तरचं दशक. मिनियापोलिसच्या एडब्ल्यूए कंपनीत तो निक बॉकविंकलचा मॅनेजर होता. 8 नोव्हेंबर 1975 ला बॉकविंकलने विजेत्या व्हर्न गान्याची सात वर्षांची सद्दी मोडली. बॉकविंकल उत्तम बोलायचा, कोशातले जड शब्द वापरायचा, त्याला आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाची गरजच नव्हती. मग हीननने काय केलं? तो त्याच्याहून हलका झाला. शेजारी चिडखोर, भित्रा हीनन उभा असल्यामुळे बॉकविंकल आणखी खानदानी वाटतो. स्टडसारख्या अबोल राक्षसाबरोबर तो बडबड्या, आणि वक्त्याबरोबर नुसता कांगावखोर. एडब्ल्यूएचं चित्रण तुटक मिळतं, पण दोघांच्या एकत्र मुलाखती दोन-चार जरी सापडल्या तरी हे दिसेल.

लोक त्याला 'वीझल, वीझल' (मुंगसासारखा एक प्राणी, म्हणजे इथे लबाड) असा घोषा लावायचे तेही याच भागातलं. हरणाऱ्याला त्या प्राण्याचा केसाळ पोशाख चढवायचा, अशी लढतच असायची. 1988 मध्ये अल्टिमेट वॉरियरने त्याला बेशुद्ध करून तो पोशाख घातला, तेव्हा शुद्धीवर आल्यावरची त्याची तारांबळ जरूर बघा.

काय मागे ठेवावं

डब्ल्यूसीडब्ल्यू या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या प्रतिस्पर्धी कंपनीतली 1994 ते 2000 ची वर्षं सुरुवातीला नकोत. कंटाळलेला हीनन ऐकवत नाही. 1996 च्या जानेवारीत ब्रायन पिलमनने मागून येऊन त्याची कॉलर धरली आणि थेट प्रक्षेपणात हीननच्या तोंडून शिवी गेली, ती क्लिप लोक गंमत म्हणून फिरवतात. गंमत नाही ती. त्याच्या मानेला जुनी दुखापत होती आणि तो खरोखर घाबरला होता.

त्या काळातली एकच गोष्ट आवर्जून ऐका. ऑक्टोबर 1999 मध्ये मॉन्सून गेला. मॉन्सून प्रतिस्पर्धी कंपनीचा माणूस, तरी हीनन 'नायट्रो' या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कार्यक्रमात त्याच्याबद्दल बोलला. पडद्यामागे पैलवान बाहेर पडण्याआधी जिथे थांबतात त्या जागेला मॉन्सूनच्या नावावरून 'गोरिला पोझिशन' म्हणतात. हीनन म्हणाला, स्वर्गाच्या दाराला आता तेच नाव पडेल. त्याआधी डिसेंबर 1993 चा त्याचा डब्ल्यूडब्ल्यूएफमधला निरोप बघून घ्या: मॉन्सून त्याला सामानासकट इमारतीबाहेर काढतो. पडद्यावर अगदी विनोदी.

2002 मध्ये घशाचा कर्करोग जाहीर झाला. आवाजावर घाला पडला, पुढे जबड्यावरही. 2004 च्या डब्ल्यूडब्ल्यूई हॉल ऑफ फेममधलं भाषण आजार जाहीर झाल्यानंतरचं आहे. अर्धा वेळ सभागृह हसून लोळतंय. शेवटी तो एवढंच म्हणतो, की मॉन्सून इथे असायला हवा होता. 17 सप्टेंबर 2017 ला हीनन गेला. हे भाषण 'प्राइम टाइम'चे चार-पाच भाग बघितल्याशिवाय उघडू नका, नाहीतर त्या वाक्याचं वजन कळणार नाही.

शोधायचं कुठे

डब्ल्यूडब्ल्यूईच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर आणि जुनं चित्रण टाकणाऱ्या 'डब्ल्यूडब्ल्यूई व्हॉल्ट' वाहिनीवर आधी शोधा. नाव रोमन लिपीत टाकून पुढे वर्ष आणि समोरच्याचं नाव जोडा. नुसतं हीनन टाकलंत तर 'सर्वोत्तम विनोद' छापाची संकलनं येतील. ती टाळा. त्यात आधीची कुरबूर कापलेली असते आणि नुसता टोला उरतो, मॉन्सूनचा वैताग तर जवळजवळ गायबच.

हे सगळं पचलं की पुढचा माणूस म्हणून जिम कॉर्नेट घ्या. बोलण्याचा वेग दुप्पट, आरडाओरडा चौपट. सुरुवात 1986 च्या स्टारकेड या कार्यक्रमातल्या मचाणावरच्या लढतीने करा. त्यात कॉर्नेट वरून खाली पडतो आणि त्याच्या गुडघ्याला खरीच मोठी दुखापत होते.